एका लिटरचे हजार लिटर करताना हिशेब कोण करतं?

काचेच्या चंबूत नीट जमलेली रासायनिक प्रक्रिया हजार लिटरच्या टाकीतही तशीच जमेल, हा औषधं आणि रसायनं बनवण्याच्या धंद्यातला सगळ्यात महागडा समज आहे. त्याची किंमत कारखानदार क्वचितच मोजतो. मोजतात ते दोघं: गोळी गिळणारा रुग्ण आणि टाकीपाशी रात्रपाळी करणारा कामगार. हे दोघंही माझ्या दवाखान्यात येतात, म्हणून आज इंजिनिअर मंडळींच्या विषयात नाक खुपसतोय. शांतपणे लिहिता येईल असं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चीड आहे ती दोन वाक्यांची. पहिलं वाक्य छोट्या कारखानदारांचं: "आमचा ऑपरेटर वीस वर्षं हेच करतोय, त्याला नुसत्या वासावरून कळतं. सिम्युलेशन वगैरे मोठ्या कंपन्यांची चैन." दुसरं वाक्य चकचकीत माहितीपत्रकं घेऊन येणाऱ्यांचं: "सर, आमची सगळी प्रक्रिया कॉम्प्युटरवर सिद्ध झालेली आहे." ऐकायला ही दोन टोकं वाटतात. पण दोघांचा शेवट एकाच जागी होतो, तो म्हणजे कुणीच काही मोजत नाही.

आधी सिम्युलेशन म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्या भागात हा शब्द अजून व्हिडिओ गेमच्याच पंगतीत बसतो.

मोठी टाकी म्हणजे मोठा चंबू नव्हे

बालरोगशास्त्राचा पहिला धडा असतो की मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे. नवजात बाळाला आपण गुंडाळून का ठेवतो? त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ फार मोठं असतं, त्यामुळे अंगातली उष्णता पटकन निघून जाते. हाच नियम उलटा फिरवला की कारखान्यातली टाकी समजते. एक लिटरच्या चंबूची लांबी, रुंदी, उंची दहा-दहा पट वाढवली तर त्यात हजार लिटर माल मावतो, पण त्याचा पृष्ठभाग फक्त शंभर पट वाढतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड होण्यासाठी आधीच्या फक्त एक दशांश जागा उरते. चंबू टेबलावर ठेवून आपोआप थंड होत होता. टाकीला थंड करावं लागतं, आणि पाणी बंद पडलं तर ती थंड होत नाही.

आता दुसरी गोष्ट. बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. टाकीचं तापमान ७० वरून १०० अंशांवर गेलं तर उष्णता तयार होण्याचा वेग आठपट होतो. बाहेरून खेळवलेलं पाणी ३० अंशांचं असेल तर तापमानातला फरक आधी ४० होता, आता ७० झाला. म्हणजे उष्णता बाहेर काढण्याचा वेग वाढला तो पावणेदोन पट. एकीकडे आठ, दुसरीकडे पावणेदोन. अशी टाकी एकदा हातातून सुटली की ऑपरेटरचं नाक कितीही तीक्ष्ण असो, तो फक्त पळू शकतो, तेही वेळ मिळाला तर.

तिसरी गोष्ट ढवळण्याची. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरच्या पातेल्यात पळी फिरवली की साखर विरघळते. काहिलीत मात्र एका कडेला रस उसळत असतो आणि दुसऱ्या कडेला जेमतेम हलत असतो, आणि गुळव्या ज्या बाजूला लक्ष देत नाही तिथे तो करपतो. चंबूत थेंब टाकला की क्षणात सगळीकडे पसरतो. मोठ्या टाकीत त्याला पसरायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ओतलेलं रसायन एकाच जागी साचून नको ती क्रिया करून बसतं. औषधाच्या भाषेत ही नको ती क्रिया म्हणजे अशुद्धी. ती गोळीबरोबर माझ्या रुग्णाच्या पोटात जाते.

सिम्युलेशन म्हणजे या सगळ्याचा आधी केलेला हिशेब. टाकीचे कॉम्प्युटरवर लाखो छोटे कप्पे पाडायचे. प्रत्येक कप्प्यात किती द्रव आला, किती गेला, वेग किती, तापमान किती, कोणतं रसायन किती उरलं, याची समीकरणं सोडवायची. शेजारच्या कप्प्याशी जुळवायचं आणि पुन्हा सोडवायचं. मग दिसतं की ढवळणाऱ्या पात्याच्या मागे कुठे द्रव मुडदूस झाल्यासारखा पडून राहतो, कुठे उष्णता साचते, पाणी बंद पडल्यावर किती मिनिटं हातात असतात. यात जादू काही नाही. न्यूटनचे नियम आहेत आणि चिकाटी आहे.

हे काम आपल्याच माणसांनी केलंय

हे परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी माटुंग्याला जाऊन यावं. तिथल्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि प्रा. मनमोहन शर्मा यांनी १९७९ सालीच बुडबुड्यांच्या उभ्या टाक्यांत द्रव कसा फिरतो याचं गणिती मॉडेल मांडलं होतं. पुढे जोशी आणि त्यांचे विद्यार्थी विवेक रानडे यांनी ढवळण्याच्या टाकीतल्या तिरक्या पात्यांवर काम केलं. ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं, दोन भागांत. पहिल्या भागात टाकीतल्या द्रवाचा वेग लेसरने ठिकठिकाणी मोजलेला आहे. दुसऱ्या भागात तोच वेग कॉम्प्युटरवर काढलेला आहे.

हा क्रम नीट पाहा. आधी मोजलं, मग हिशेब मांडला, मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. आज "कॉम्प्युटरवर सिद्ध झालंय" म्हणणाऱ्या माणसाला मी एवढंच विचारतो की तुमचा पहिला भाग कुठे आहे? मोजमाप न करता काढलेलं सिम्युलेशन म्हणजे रुग्णाला हात न लावता लिहिलेलं निदान. रंगीत चित्र सुंदर येतं. लाल-पिवळ्या-निळ्या रंगाची टाकी पाहून संचालक मंडळ खूश होतं. पण त्या रंगांमागचे आकडे कुठल्यातरी पुस्तकातून उचललेले असतील तर ते चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरच्या लायकीचं.

रानडे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले, २००४ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. जोशींना २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं. म्हणजे सरकारला या कामाचं महत्त्व ठाऊक आहे. पुरस्कार देण्यापुरतं तरी.

"आतापर्यंत कधी काही झालं नाही"

वीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला देणाऱ्यांसाठी एक प्रकरण सांगतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाचा छोटा कारखाना होता. पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन ते सुमारे ९,३०० लिटरच्या एका टाकीत बनवत. पहिल्या दहा बॅचपैकी तीन बॅचमध्ये तापमान अनपेक्षितपणे चढलं. त्यांनी थोडा फेरफार केला आणि पुढे चालू ठेवलं. ४२ व्या बॅचला बॅचचा आकार एक तृतीयांशाने वाढवला. त्यानंतर शंभराहून जास्त बॅच निघाल्या. १९ डिसेंबर २००७ रोजी १७५ वी बॅच चालू असताना थंड करण्याची व्यवस्था बंद पडली आणि टाकी फुटली. चारजण मेले, ३२ जखमी झाले. मेलेल्यांत कंपनीचा एक मालकही होता, आणि तो स्वतः केमिकल इंजिनिअर होता.

चौकशीत काय निघालं? थंड करण्याच्या व्यवस्थेला पर्याय नव्हता. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की त्याच मिश्रणात एक दुसरी, जास्त भयंकर क्रिया सुरू होते, हे कुणी प्रयोगशाळेत तपासलंच नव्हतं. टाकीवरची दाब सोडणारी चकती फार उंच दाबावर बसवली होती. कमी दाबावर असती तर पहिल्या क्रियेचा दाब वेळीच बाहेर पडला असता. यातली प्रत्येक गोष्ट आधी मोजता आणि काढता येण्याजोगी होती. आणि "आतापर्यंत कधी काही झालं नाही" हे वाक्य त्यांनाही १७४ वेळा म्हणता आलं असतं.

रक्तदाबाचा रुग्ण मला नेमकं हेच सांगतो: "डॉक्टरसाहेब, गोळी सोडून वर्ष झालं, काहीच झालं नाही." झालं नाही म्हणजे होणार नाही, असं शरीर मानत नाही आणि टाकीही मानत नाही.

आता आपल्याकडे या. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच डोंबिवलीत अमुदान केमिकल्समध्ये झाला. दोन्ही वेळा दहाहून जास्त माणसं गेली. ३० जून २०२५ ला तेलंगणातल्या पाशमायलारमला सिगाची कंपनीत स्फोट होऊन ४० हून अधिक कामगार गेले. तिथे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज बनत होतं. नाव अवघड आहे, पण तुमच्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटांत ते असण्याची शक्यता मोठी आहे. गोळी घट्ट बसावी म्हणून घालायची ती पांढरी पूड. बिदर-जहिराबाद रस्त्याने पाशमायलारम आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि दहावी-बारावी झालेली आपल्याकडची पोरं ठेकेदाराच्या हाताखाली त्याच पट्ट्यात कामाला जातात.

या तिन्ही ठिकाणी सिम्युलेशन असतं तर माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात आणि त्यांवर निकाल देणं माझं काम नाही. पण स्फोट झाल्यावर आपल्याकडे जे प्रश्न विचारले जातात त्यांत परवाना होता का, बॉयलरची तपासणी झाली होती का, मदत किती लाख, एवढंच असतं. या टाकीत उष्णता किती तयार होत होती आणि किती बाहेर काढली जात होती, याचा कागद दाखवा, असं कुणी म्हणताना मी ऐकलं नाही.

गोळीच्या बाजूने

कामगाराचं झालं, आता रुग्णाचं. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. तिचं वजन १०० मिलिग्रॅम धरलं तर औषध दोन हजारात एक भाग. दोन किलो पिठात एक ग्रॅम मीठ, असं की कुठूनही चिमूट उचलली तरी खारटपणा तोच लागला पाहिजे. घरी करून बघा. आता १०० किलोची बॅच घ्या. त्यात औषध फक्त ५० ग्रॅम, आणि गोळ्या निघणार दहा लाख. पाच किलोच्या मिक्सरमध्ये जे वीस मिनिटांत एकजीव झालं, ते मोठ्या मिक्सरमध्येही वीस मिनिटांत होईल याची खात्री काय? शिवाय नीट मिसळलेली पूड खाली ओतताना पुन्हा वेगळी होते. सुपात धान्य पाखडताना बारीक एकीकडे आणि जाड एकीकडे होतं, तसंच.

औषधाचं प्रमाण प्रत्येक गोळीत सारखं आहे का, याची जी प्रमाणित तपासणी असते तिची सुरुवात दहा गोळ्यांपासून होते. शंका आली तर आणखी वीस. दहा लाखांतल्या दहा! म्हणून शेवटच्या तपासणीवर विसंबून चालत नाही, मिसळण्याची प्रक्रियाच पक्की लागते. पुडीतल्या कणांच्या हालचालीचं सिम्युलेशन करून मिक्सर किती भरावा, किती वेगाने फिरवावा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुना कुठल्या कोपऱ्यातून घ्यावा, हे ठरवता येतं. तीच कंपनी, तीच गोळी, वेळेवर आणि उपाशीपोटी घेऊनही टीएसएच वरखाली होतो, तेव्हा आम्ही डॉक्टर रुग्णाला दटावतो की तुम्ही गोळ्या चुकवता. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दर वेळी असतंच असं नाही. फिट्सच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत तर एवढ्याशा फरकाने रुग्ण दवाखान्यात भरती होतो.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगतो, नाहीतर मीही माहितीपत्रकवाल्यांच्या रांगेत बसेन. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं तेच विष २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या लेकरांना खोकल्याच्या औषधातून मिळालं. मधल्या ३९ वर्षांत कॉम्प्युटर कुठल्या कुठे गेले. पण जगातलं कुठलंही सिम्युलेशन ही मुलं वाचवू शकलं नसतं. कॉम्प्युटरला तुम्ही सांगता की टाकीत अमुक पदार्थ आहे, आणि तो विश्वास ठेवतो. पिंपात प्रत्यक्षात काय आहे हे पिंप उघडून, तपासूनच कळतं. ज्या कारखान्यात कच्चा माल तपासला जात नाही, त्याने सिम्युलेशनच्या गप्पा मारणं म्हणजे घराला दार नसताना सीसीटीव्ही बसवणं.

खर्चाचं रडगाणं

"हे सगळं आम्हाला परवडत नाही." परवडत नाही म्हणजे नेमकं काय परवडत नाही, ते तपासू या. द्रवाच्या प्रवाहाचं गणित सोडवणारी ओपनफोम ही प्रणाली २००४ पासून फुकट आहे. संपूर्ण कारखान्याच्या प्रक्रियेचा हिशेब मांडणारी डीडब्ल्यूसिम ही प्रणालीही फुकट आहे, आणि पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवतो. वर मी मांडलेला आठ आणि पावणेदोनचा हिशेब करायला तर कॉम्प्युटरही लागत नाही, पाठकोरा कागद पुरतो.

महाग आहे ते मोजमाप. रासायनिक क्रियेतून नेमकी किती उष्णता निघते हे मोजणारं यंत्र, ते चालवणारा जाणकार माणूस, आणि त्याने नको तो आकडा दाखवला तर बॅच थांबवण्याची तयारी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकट्या छोट्या कारखान्याला जड जातात, हे मान्य. पण प्रत्येक दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन असतं का? माझ्याकडे नाही. गरज पडली की रुग्णाला लातूरला पाठवतो. आयसीटीचं मराठवाडा कॅम्पस २०१८ पासून जालन्यात आहे. पुण्यात राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. छोट्या कारखान्यांना माफक दरात उष्णता मोजून आणि टाकीचा हिशेब करून देणारं केंद्र तिथे का असू नये? एमआयडीसी रस्ते देते, पाणी देते, सवलतीत जमीन देते. त्याच यादीत ही एक ओळ वाढवली तर आभाळ कोसळणार नाही.

औषध कारखान्यांसाठीचं शेड्यूल एम केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कडक केलं. जोखमीचं व्यवस्थापन, प्रक्रियेची पडताळणी, दरवर्षीचा गुणवत्ता आढावा हे सगळं त्यात आलं. लगेच लहान उद्योगांची ओरड झाली आणि २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. कारण तेच, परवडत नाही, कारखाने बंद पडतील, औषधं महागतील. गरीब रुग्णासाठी औषध स्वस्त राहावं असं मलाही वाटतं, माझे बहुतेक रुग्ण शेतमजूर आहेत. पण एका उत्पादनाचा हा हिशेब रोज करायचा नसतो. प्रक्रिया बसवताना एकदा, आणि पुढे टाकी, बॅचचा आकार किंवा कच्चा माल बदलला तर पुन्हा. दहा लाख गोळ्यांवर वाटला तर गोळीमागे किती पडतो, हे ओरडणाऱ्यांपैकी एकाने तरी काढून दाखवावं.

मला हवा असलेला नियम साधा आहे. बॅचचा आकार वाढवण्याआधी उष्णतेचा लेखी हिशेब, त्यामागचं प्रत्यक्ष मोजमाप, आणि खाली सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव. तो कागद कारखाना निरीक्षकाला पहिल्याच भेटीत मागता आला पाहिजे. आणि त्यातला एकच आकडा, ज्या तापमानानंतर टाकी सोडून बाहेर पळायचं तो, टाकीजवळ मोठ्या अक्षरांत, तिथे काम करणाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत लावलेला असावा. मराठीत, हिंदीत, तेलुगूत, उडियात. आज तो आकडा असलाच तर ऑफिसातल्या फायलीत इंग्रजीत असतो. रात्री दोन वाजता टाकीपाशी फाईल नसते, ठेकेदाराने पाठवलेला एकोणीस वर्षांचा पोरगा असतो.

नियम होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या घरातलं कुणी केमिकल किंवा औषध कंपनीत कामाला आहे, त्यांना एक काम सांगतो. सुट्टीवर आलेली ही पोरं अंगावर पुरळ, जळजळते डोळे, न थांबणारा खोकला घेऊन माझ्याकडे येतात. मी विचारतो, कोणत्या केमिकलवर काम करतोस? उत्तर ठरलेलं असतं: "सफेद पावडर, साहेब." किंवा "उग्र वासाचं पाणी." एवढ्यावर इलाज अंदाजाने करावा लागतो. पिंपावर पदार्थाचं नाव छापलेलं असतं, सोबत सुरक्षा माहितीचा कागद कंपनीकडे असतो, तो बघण्याचा कामगाराला हक्क आहे. मोबाईल आत नेऊ देत नसतील तर नाव तळहातावर लिहून आणा, घरी आल्यावर वहीत उतरवा. टाकी किती लिटरची, तापमान कितीपर्यंत चालतं, पाणी बंद पडलं तर काय करायला सांगितलंय, हेही सुपरवायझरला विचारून त्याखाली लिहा. तपासायला येताना ती वही घेऊन या.